तिसऱ्या चरणातला श्वास

आमच्या भजनात एक नियम आहे. पुढे बसलेला जसे म्हणेल तसेच मागच्यांनी म्हणायचे. त्याने स्वर चढवला तर चढवायचा, शब्द गाळला तर गाळायचा. तो चुकला असे वाटले तरी भजन चालू असताना त्याला दुरुस्त करायचे नाही, आणि भजन संपल्यावर दुरुस्त करण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. तंजावुरातल्या आमच्या घरांतून हे असेच चालत आले आहे. आमच्यात देवनागरी वाचता येणारे थोडे. पदे कानांनी शिकलेली. पुढच्याच्या गळ्याखेरीज दुसरा आधार नसतो.

पुढे जे घडले ते या नियमामुळे घडले, म्हणून तो आधी सांगितला. आम्ही आपसांत बोलतो ती मराठी कागदावर नीट उतरत नाही. येथे ती थोडी सरळ करून लिहिली आहे.

आमच्यात पुढे बसत ते गृहस्थ नात्याने माझे कोणी नव्हते. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना अण्णा म्हणत. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याच घरी, रस्त्याकडच्या खोलीत, भजन होई. मागे आम्ही चौघे म्हणणारे: मी, कॉलेजात गणित शिकवणारे एक प्राध्यापक आणि मोपेडवरून गावाहून येणारे दोघे शेतकरी भाऊ. मृदंगावर औषधाच्या दुकानाचा मालक. तो म्हणत नसे, फक्त वाजवी, आणि वाजवत नसला की बोले.

एका पदाचा तिसरा चरण फार लांब होता. धडधाकट असताना अण्णा तो एका दमात म्हणत, आणि संपल्यावर नदीचे पात्र पोहून पलीकडे गेलेल्या माणसासारखे आमच्याकडे पाहत. शेवटच्या वर्षांत त्यांना दमा झाला. चरणाच्या मध्यावर ते थांबत, तोंड उघडून श्वास ओढत आणि मग उरलेला भाग म्हणत. त्यांच्यामागून म्हणताना आम्हीही तिथेच थांबत असू. आम्हांला दमा नव्हता, पण नियम होता. त्या रिकाम्या जागेत मृदंगाचे दोन ठोके एकटे पडत.

अण्णा गेले. उरलेल्यांत मी वयाने मोठा, म्हणून मला त्यांच्याच घरी त्यांच्या जागी बसवले. तिसऱ्या चरणात मी थांबत राहिलो, आणि माझ्यामागे सगळे.

त्या सुमारास गावात बरेच काही नवे येत होते. समोरच्या घराच्या माडीवर कम्प्युटरचे वर्ग निघाले होते. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या जागी एसटीडी बूथ आला होता. शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून केबलवरची एकच मालिका ऐकू येई, आणि आम्ही तिच्यावरून भजन म्हणत असू. आमच्या मुलांना घरातले बोलणे समजे, पण ती उत्तर तमिळमध्ये देत. त्यांनी पदे शिकण्याचा प्रश्न उरला नव्हता.

अशात गावातल्या एका कॉलेजच्या संगीत विभागाने कार्यशाळा ठरवली. चेन्नईहून एक बाई येणार होत्या. समूहाने म्हणायची जुनी भजने त्या तीसेक मुलींना शिकवणार होत्या, आणि एक सकाळ आमच्या भजनाला दिली होती. आम्ही म्हणायचे आणि मुलींनी आमच्यामागून म्हणायचे, असा बेत होता.

“वर्कशॉप म्हणजे तुमच्या खात्यात कालव्यांची शटरं दुरुस्त करतात तेच ना, सार?” मृदंगवाल्याने मला विचारले. मी पाटबंधारे खात्यात अभियंता होतो. “मग आपल्याला घेऊन जातायत ते बरोबर आहे. सगळीच गंजलेली.”

“तुझं कातडं आधी ओढून घे,” थोरला शेतकरी म्हणाला. “परवा मृदंग वाजत होता की भाताचं डेचकं, ते कळत नव्हतं.”

बाई एका शुक्रवारी ऐकायला आल्या. तरुण होत्या, मोजके बोलत. दोन पदे ऐकून त्यांनी मान हलवली. मग ते पद आले आणि त्याचा तिसरा चरण होताच त्यांनी हात वर केला.

“तो चरण पुन्हा म्हणता का, सार?”

आम्ही म्हटला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“ही मधली जागा फार सुंदर आहे. अशी मी कुठे ऐकली नाही. ही कुणाची?”

“आमच्या अण्णांची,” मी म्हणालो.

“मुलींना मी ही जागा सगळ्यांत आधी शिकवीन. यातल्या बऱ्याच जणी पुढे शाळांतून संगीत शिकवणार आहेत. ही जागा खूप लांब जाईल.”

त्या गेल्या. बाकीचेही उठले. मी निरोप घ्यायला आतल्या दारापाशी गेलो. अण्णांच्या पत्नी भजनाच्या वेळी त्या दारामागे बसत. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू. त्या चौकटीला हात टेकून उभ्या होत्या.

“भावजी, ती बाई काय म्हणाली ते मी ऐकलं.”

“हो.”

“त्या मुलींनाही तिथं थांबायला शिकवणार?”

“तसं म्हणतायत.”

वहिनी, घरात तांदूळ संपले आहेत हे सांगावे तशा आवाजात म्हणाल्या, “तुम्ही तिथं थांबता ना, तेव्हा हे श्वास घेतात.”

मी मागे वळून अण्णांच्या जागेकडे पाहिले.

“मला आतून ऐकू येतं. ओढून घेतात, शेवटी शेवटी घ्यायचे तसाच. शुक्रवारी मला झोप म्हणून लागत नाही. तुम्ही चौघं थांबता तर ह्यांना दर शुक्रवारी यावं लागतं. तीस मुली गावोगाव जाऊन थांबायला लागल्या, तर किती वेळा यावं लागेल?”

त्यांनी चौकटीवरचा हात काढला.

“ती जागा मिटवा, भावजी. मुलींच्या कानावर पडायच्या आधी. ह्यांना सुटू द्या.”

अशा गोष्टी मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण एखाद्या बाईने मागितलेली गोष्ट पुरी करायला ती मानावीच लागते असे नाही. मी होकार दिला. काम सोपे वाटले होते. मध्यावर थांबायचे नाही, एवढेच ते होते.

अडचण वेळेची होती. कार्यशाळा तीन आठवड्यांवर आली होती. त्या साली नदीला पाणी उशिरा सुटले. कचेरीच्या दारात शेतकरी बसलेले असत, आणि मला रोज जीपने कालव्यांवर जावे लागे. त्याच पाण्यासाठी दोघा भावांची लावणी अडली होती. पाणी शेतात आले की ते दोघे शेत सोडू शकत नव्हते. प्राध्यापकांच्या शिकवण्या होत्या, मृदंगवाल्याचे दुकान. सगळे एकत्र जमू शकतील अशा जेमतेम चार-पाच संध्याकाळी निघाल्या, त्याही दिवेलागणीच्या आसपास तासाभराच्या.

पहिल्या संध्याकाळी मी सर्वांना सांगितले की तिसऱ्या चरणातले थांबणे ही अण्णांच्या आजाराची खूण आहे, पदाची नाही, आणि ती काढायची आहे. वहिनींचे बोलणे सांगितले नाही.

कार्यशाळेत म्हणायचे तसे आम्ही चौघे एकत्र म्हणू लागलो. पहिला चरण, दुसरा, तिसरा. मध्यावर आलो आणि माझा गळा बंद झाला. मागचेही थांबले. दोन ठोके पडले आणि आम्ही पुढे म्हणू लागलो.

“सवय आहे,” प्राध्यापक म्हणाले. “पुन्हा घेऊ.”

पुन्हा घेतले. पुन्हा तेच झाले.

“दोघा भावांच्या मोपेडला लागत नाही तो ब्रेक गळ्याला बरा लागतो,” मृदंगवाला म्हणाला.

थोरला हसला नाही. “मी थांबलो नाही. मला थांबवलं,” तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला मी थांबलो, पण कान उघडे ठेवून. त्या दोन ठोक्यांमध्ये मला श्वास ऐकू आला. तो उसासा नव्हता. ओढून घेतलेला श्वास होता आणि त्याच्या शेवटी बारीक शीळ होती. कालव्यातले पाणी उतरताना पाइपाच्या तोंडाशी हवा शिरते तेव्हा तसा आवाज येतो. म्हणणारे तिघे माझ्यामागे होते. श्वास मागून आला असता तर मी त्यांच्यापैकी कोणाचा तरी म्हणून सोडून दिला असता. तो मागून आला नाही. मी बसलो होतो त्याच जागेवरून आला, आणि माझे तोंड मिटलेले होते.

मी मागे वळून पाहिले. तिघेही जमिनीकडे पाहत होते. त्यावरून त्यांनीही ऐकले होते हे कळले.

माझ्या कामात गळती आढळली की एकेक कारण वगळत जायचे असते. मी तसेच केले. सूर धरून ठेवणारी आमची श्रुतीपेटी भात्याची होती आणि धाकटा भाऊ ती चालवी. भात्याचे कातडे फाटले की हवा ओढल्यासारखा आवाज होतो. पुढच्या वेळी ती बंद करून प्राध्यापकांनी नव्याने घेतलेली विजेची पेटी लावली. श्वास आला. खिडक्या लावून घेतल्या. तरीही आला. मग मला वाटले की वहिनीच दारामागे तो श्वास घेत असाव्यात. आजारात पतीबरोबर श्वास ओढण्याची सवय लागली असेल आणि त्यांनाही ते कळत नसेल. या विचाराने मला बरे वाटले. त्यावर मी दोन दिवस निर्धास्त झोपलो.

त्यानंतरच्या संध्याकाळी वहिनी बहिणीकडे ओरत्तनाडूला गेल्या होत्या. किल्ली माझ्याकडे दिली होती. आम्ही आतले दार सताड उघडे ठेवले. पलीकडे स्वयंपाकघर, परसू, मागची भिंत, सगळे दिसत होते आणि कोणी नव्हते. आम्ही पद म्हटले. तिसऱ्या चरणाच्या मध्यावर थांबलो. श्वास आला, माझ्या जागेवरून, शिळेसकट.

त्या दिवसापासून मृदंगवाल्याने थट्टा सोडली.

प्राध्यापकांनी एक उपाय काढला. समूहगानात सगळ्यांनी एका ठिकाणी श्वास घ्यायचा नसतो, असे त्या बाईंनी त्यांना सांगितले होते. प्रत्येकाची श्वासाची जागा वेगळी ठेवायची. एक थांबला की बाकीचे म्हणत राहतात आणि ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते. त्यांनी आम्हां चौघांना जागा ठरवून दिल्या. मी चरण सुरू करून थोड्याच वेळात श्वास घ्यायचा, म्हणजे मध्यावर माझ्यात हवा भरलेली असेल. थोरल्याने शेवटाकडे. धाकट्याने त्याच्या थोडे आधी. स्वतः प्राध्यापकांनी माझ्यानंतर लगेच.

“मध्यावर कोणीच रिकामा असणार नाही,” ते म्हणाले. “जागा दिलीच नाही तर येईल कुठून?”

“कोण येईल?” धाकट्याने विचारले.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

योजना उत्तम होती. आम्ही ठरल्या जागी श्वास घेत असू, छाती भरलेली असे, आणि मध्यावर आलो की भरल्या छातीने चौघेही गप्प होत असू. श्वास संपल्यामुळे माणूस थांबतो हे मला ठाऊक होते. छाती भरलेली असताना थांबण्याचा अनुभव मला तोवर नव्हता. पाण्याखाली तोंड उघडू नये हे शरीराला जसे शिकवावे लागत नाही, तसे ते होते.

एका संध्याकाळी मध्येच करंट गेला. समोरच्या माडीवरचे कम्प्युटर बंद पडले, मालिका तुटली, सगळी गल्ली एकदम गप्प झाली. मी म्हणणे थांबवले नाही. काळोख पुरता झाला नव्हता. माणसे दिसत होती, चेहरे दिसत नव्हते. मध्यावर थांबलो. इतक्या शांततेत तो श्वास पूर्वी ऐकला नव्हता. त्यात कष्ट होते. वहिनी म्हणाल्या होत्या ते तेव्हा मला समजले.

मागून धाकटा हळूच म्हणाला, “अण्णा, बसा.”

घरात वडीलधारे माणूस आले की आपण सहज म्हणतो, तसे तो बोलला होता. मग तो स्वतःच उठला, बाहेर ओट्यावर गेला आणि दिवे येईपर्यंत आत आला नाही.

शेवटच्या सरावातही जमले नाही. तो शुक्रवार होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळा. मी बाईंना निरोप धाडून ते पद गाळायचे ठरवले. वहिनींना तसे सांगितले.

“गाळून काय होणार?” वहिनी म्हणाल्या. “इथं तर म्हणालच. म्हणायचं थांबू नका, भावजी. मध्ये थांबू नका. मी उद्या येते.”

“तुम्ही कशाला?”

“ह्यांना कळू दे मी तिथं आहे.”

कॉलेजचे सभागृह जुने होते, छत उंच, पंखे लांब दांड्यांना लटकवलेले. मुली सतरंजीवर रांगा करून बसल्या होत्या. वहिनी सर्वांत मागे, खिडकीजवळच्या खुर्चीवर. आम्हांला अर्धवर्तुळात बसवले होते, म्हणून त्या दिवशी प्रथमच मला इतर तिघांची तोंडे दिसत होती. मृदंगवाला समोर होता.

पहिली दोन पदे ठीक झाली. मुली चांगल्या होत्या. त्यांना अर्थ कळत नव्हता, पण स्वर चटकन घेत. मग ते पद आले.

पहिला चरण आम्ही म्हटला, मुलींनी म्हटला. दुसरा तसाच. तिसऱ्याला मी आधी बाईंकडे पाहिले, मग खिडकीकडे. वहिनींनी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती.

चरण सुरू केला. ठरल्या जागी श्वास घेतला. मध्य आला आणि माझा गळा बंद झाला. मी प्राध्यापकांकडे पाहिले. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते. थोरल्याने मान खाली घातली होती. धाकट्याचे तोंड किंचित उघडे होते, पण त्यातून काही येत नव्हते. मृदंगाचे दोन ठोके पडले.

ओळ तुटली नाही.

स्वर चालू होता. मोठा नव्हता, पण भरलेला होता, नेमक्या श्रुतीत, आणि पुरुषाचा होता. त्यात घरघर नव्हती, शीळ नव्हती. तो त्या दोन ठोक्यांवरून सावकाश पलीकडे गेला. पलीकडे आम्हां चौघांचे गळे उघडले आणि उरलेला चरण आम्ही त्याच्याबरोबर म्हटला. नंतर तो कुठे थांबला हे मी सांगू शकत नाही. आमच्या आवाजात तो वेगळा काढता आला नाही.

मुलींनी आमच्यामागून चरण घेतला. सलग.

बाई गोंधळल्या. “सार, ती जागा आज नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

“काढली?”

“पदात ती नव्हतीच.”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मुलींकडे वळल्या. “ऐकलंत तसंच घ्या. कुठेही तोडू नका.” हाताने ताल धरून त्यांनी तो चरण मुलींकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. एकीनेही मध्ये थांबल्यासारखे केले नाही. पुढे आम्हीही तो त्यांच्याबरोबर म्हटला, आणि माझा गळा त्या जागी पुन्हा बंद झाला नाही. आजतागायत झालेला नाही.

त्या सभागृहाविषयी एक गोष्ट नोंदवतो. उंच छताखाली आवाज उशिरा परत येतो, आणि आमचाच अर्धा चरण परतून त्या जागेत पडला असेल, असे मी नंतर मनाशी ठरवले होते. काही महिन्यांनी कामानिमित्त त्या कॉलेजात गेलो तेव्हा रिकाम्या सभागृहात उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग तो चरण अर्धा म्हणून थांबलो. तिथे आवाज परतत नाही.

कार्यशाळेहून निघताना प्राध्यापक आणि दोघे भाऊ बसने गेले. वहिनी, मृदंगवाला आणि मी एका ऑटोत बसलो. वहिनी कडेला, मी मध्ये. मृदंगवाल्याने मृदंग मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता.

“सार,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी म्हणत नाही, वाजवतो. माझं लक्ष तुमच्या तोंडांकडे असतं. त्या जागी तुमच्यातला कोण म्हणत होता?”

“कोणी नाही.”

“मलाही तसंच दिसलं,” तो म्हणाला. त्यानंतर तो बाहेर पाहत राहिला.

ऑटो मोठ्या देवळाला वळसा घालून पुलावर आला. कालव्यात पाणी होते. वहिनी आमच्या दोघांकडे न पाहता म्हणाल्या, “आज ह्यांना दम लागला नाही.”

मी हो म्हणालो.

घर आले तेव्हा पाहिले तर त्यांचे डोके ऑटोच्या कडेच्या दांडीला टेकले होते. रस्ता खराब होता, तरी त्यांना जाग आली नव्हती. चालकाने इंजिन बंद केले.

“उठवू का, सार?” त्याने विचारले.

मी त्याला हाताने थांबवले. आम्ही दोघे खाली उतरलो. ऊन चांगलेच चढले होते. मृदंगवाल्याने खांद्यावरचे उपरणे काढले आणि वहिनींच्या तोंडावर ऊन येत होते त्या बाजूला धरून उभा राहिला. मी पलीकडे उभा राहिलो. त्यांचा श्वास संथ चालला होता.